रस्त्यावरची कोंडी, हवेतली कोंडी : गाड्यांच्या बिनतारी संभाषणाचा इतिहास

आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण आम्ही तो इतिहास म्हणून मांडणार आहोत. रस्त्यावरच्या गाड्यांनी एकमेकींशी बिनतारी बोलावं, 'मी इथे आहे, एवढ्या वेगाने येतेय, आत्ताच ब्रेक दाबलाय' असं सांगत राहावं आणि त्यातून अपघात टळावेत, ही कल्पना आता पंचवीस वर्षांहून जुनी झाली. वळणापलीकडून येणारी गाडी किंवा पुढच्या ट्रकच्या आड थांबलेली मोटार चालकाला दिसत नाही, पण तिचा संदेश मात्र पोहोचू शकतो. इथवर सगळं सोपं आहे. अडचण अशी, की सगळ्या गाड्या एकाच हवेत, एकाच चॅनेलवर बोलतात. गाड्या वाढल्या की गलका वाढतो, आणि जिथे धोका जास्त तिथेच ऐकू येईनासं होतं. मग गर्दीत कोणी किती बोलायचं? हे ठरवता ठरवता माणसाला शंभर वर्षं लागली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सुरुवात रस्त्यापासून नाही, समुद्रापासून करू. १४ एप्रिल १९१२ ची रात्र. 'टायटॅनिक'वरचा बिनतारी चालक जॅक फिलिप्स प्रवाशांचे खासगी निरोप न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे पाठवत होता. निरोपांचा ढीग साचलेला. तेवढ्यात जवळच्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरून सिरिल इव्हान्सने कळवलं, की आम्ही बर्फात अडकून थांबलोय. जहाज जवळ, म्हणून त्याचा आवाज फिलिप्सच्या कानात जोरात घुसला आणि केप रेसचं बोलणं बुडालं. फिलिप्सने त्याला गप्प राहायला सांगितलं. इव्हान्सने थोडा वेळ ऐकलं आणि मग यंत्र बंद करून तो झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगाला धडकलं.

आता बघा, इथे यंत्र बिघडलेलं नव्हतं. दोघंही आपापलं काम चोख करत होते. फक्त हवा एक होती, आणि तिच्यात महत्त्वाचं काय अन् किरकोळ काय हे ठरवणारा नियम नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत रेडिओ कायदा झाला. प्रक्षेपणाला परवाना आला, हौशी मंडळींना वेगळ्या लहरी दिल्या गेल्या, संकटाच्या संदेशाला अग्रक्रम मिळाला. पहिला धडा सरकारने असा घेतला, की हवेची वाटणी करा.

दुसरा धडा हवाई बेटांवर मिळाला. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांना वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक जोडायचे होते. टेलिफोनच्या तारांऐवजी त्यांनी रेडिओ वापरला, आणि १९७१ मध्ये 'अलोहानेट' सुरू झालं. नियम इतका सोपा, की आज हसू येईल. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोन संदेश आदळले तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं. गणित केल्यावर कळलं, की या पद्धतीत चॅनेलच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोगी पडते. त्यापुढे कोणी आणखी बोललं, तर पोहोचणारे संदेश वाढत नाहीत, उलट कमी होतात. हे आकलन फार महत्त्वाचं आहे. पाण्याच्या नळाला जास्त दाब दिला तर निदान तेवढंच पाणी येतं. सामायिक हवेत जास्त जोर लावला तर येतं होतं तेही बंद होतं.

यावर उपाय म्हणून पुढे 'आधी ऐका, मग बोला' ही रीत आली. १९७५ मध्ये लेनर्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी तिचं गणित मांडलं, आणि तिची मर्यादाही दाखवली. समजा, मधल्या गाडीला दोन्ही बाजूंच्या गाड्या ऐकू येतात, पण त्या दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. दोघीही ऐकतात, दोघींना शांत वाटतं, दोघी एकदम बोलतात, आणि मधलीच्या कानात नुसता गोंगाट. याला 'लपलेल्या केंद्रा'ची अडचण म्हणतात. गाड्यांच्या बाबतीत ती आजही पूर्ण सुटलेली नाही.

तिसरा धडा इंटरनेटचा. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून थेट ४० बिटांवर आला. अंतर किती? अवघं ४०० यार्ड. संगणक उत्तर न मिळाल्यामुळे तेच तेच संदेश पुन्हा पाठवत होते आणि कोंडी वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. कोंडी जाणवली की ज्याने त्याने आपणहून मागे सरायचं, आणि मोकळं वाटलं की हळूहळू पुढे यायचं. वर कोणी पोलीस नाही, नियंत्रण कक्ष नाही. प्रत्येकाने स्वतःला आवरायचं. आपण आज निवांत व्हिडिओ बघतो त्यामागे हे आवरणं आहे.

हे तीन धडे हाताशी घेऊन आता रस्त्यावर येऊ. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा वाहतूक सुरक्षेसाठी राखून ठेवला. त्यात १० मेगाहर्ट्झचे सात चॅनेल आखले गेले. २००८ मध्ये युरोपीय संघाने त्याच परिसरात ३० मेगाहर्ट्झ दिले. २०१० मध्ये वाय-फायचं गाड्यांसाठी बेतलेलं रूप, आयईईई ८०२.११पी, मंजूर झालं. प्रत्येक गाडीने सेकंदाला दहा वेळा आपलं ठिकाण, वेग आणि दिशा सांगायची, असं साधारण ठरलं.

आता आपण थोडं गणित करू, पेन्सिल लागणार नाही. एक संदेश सुमारे ३०० बाइटचा धरा. सेकंदाला ६० लाख बिटांच्या वेगाने तो पाठवायला, सुरुवातीची शिट्टी धरून, अर्धा मिलिसेकंद लागतो. दहा संदेशांना ५ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदाची हवा २०० गाड्यांत संपली, तीही एकमेकींवर न आदळता, शिस्तीत रांग लावली तर. आता आठ मार्गिकांचा महामार्ग घ्या, वाहतूक तुंबलेली, दर दहा मीटरला एक गाडी. पुढे-मागे ३०० मीटरपर्यंत ऐकू येतं असं धरलं, तर ४८० गाड्या एकमेकींच्या कानात आहेत. एका सेकंदात जवळजवळ अडीच सेकंदांचं बोलणं कोंबायचंय. ते मावणार कसं?

कोणी म्हणेल, घरच्या वाय-फायवरही गर्दी होते, तिथे चालतंच की. तिथे फोन संदेश पाठवतो आणि पोच मागतो. पोच आली नाही तर तो थांबून पुन्हा पाठवतो. गाडी मात्र एकाच वेळी सगळ्यांना सांगत असते. सगळ्यांनी पोच द्यायची म्हटली तर पोचांचीच कोंडी होईल, म्हणून इथे पोच नाही. परिणाम असा, की आपला संदेश आदळून वाया गेला हे पाठवणारीला कधीच कळत नाही.

मग हातात उरतात दोन कळा. एक, आवाज लहान करणं, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती कमी करणं. दुसरी, कमी वेळा बोलणं. दोन्हींची किंमत आहे. आवाज लहान केला तर दूरवरच्या वेगवान गाडीला उशिरा कळतं. कमी वेळा बोललं तर माहिती शिळी होते. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी दहाव्या हिश्शाच्या सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जाते. ६०० मिलिसेकंदांत जवळजवळ १७ मीटर. पण कोंडीत ताशी १० किलोमीटरने सरकणारी गाडी त्याच ६०० मिलिसेकंदांत पावणेदोन मीटरसुद्धा जात नाही. म्हणजे तुंबलेल्या गाड्यांना गप्प राहणं स्वस्त पडतं. खरा धोका दुभाजकापलीकडे असतो. तिथली वाट मोकळी आहे, गाड्या सुसाट आहेत, पण हवा तीच आहे. अलीकडच्या शेकडो थांबलेल्या गाड्यांच्या बडबडीत पलीकडच्या एका वेगवान गाडीचा 'ब्रेक दाबला' हा संदेश बुडाला, तर तिच्या मागचीला तो कळणार नाही.

उपाय वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निघाले. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या हानेस हार्टेनस्टाइन यांच्या गटाने शक्तीची कळ धरली. हवेतला ठरावीक वाटाच नेहमीच्या संदेशांनी वापरावा, त्याहून जास्त होत असेल तर सगळ्यांनी न्याय्य रीतीने आवाज उतरवावा, म्हणजे आणीबाणीच्या संदेशाला जागा उरेल, असं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. युरोपच्या मानकांत आणखी एक शहाणपण आलं. गाडी चार मीटर सरकली, दिशा चार अंशांनी बदलली किंवा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला, तरच नवा संदेश. नाहीतर सेकंदाला एक पुरे. काही बदललंच नाही, तर सांगायचं काय?

२०११ मध्ये युरोपच्या एट्सी संस्थेने कोंडी-नियंत्रणाचं मानक काढलं. त्यात पायऱ्या होत्या. हवा मोकळी तर भरपूर बोला, भरत आली तर कमी, फार भरली तर अगदी कमी. कागदावर चोख दिसतं. पण अभ्यासकांनी दाखवून दिलं, की सगळ्या गाड्या एकच हवा मोजतात, म्हणून सगळ्या एकदम गप्प होतात. मग सगळ्यांना शांतता जाणवते आणि सगळ्या एकदम बोलू लागतात. सभेत 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करून दोघं गप्प बसतात आणि मग दोघं एकदम सुरू होतात, तसं. २०१३ मध्ये गौरव बन्सल, जॉन केनी आणि चार्ल्स रोर्स यांनी 'लिमरिक' नावाची पद्धत मांडली. पायऱ्यांऐवजी उतार. ठरवलेल्या पातळीपासून हवा किती दूर आहे, त्या प्रमाणात प्रत्येकीने आपलं बोलणं थोडंथोडं बदलायचं. गणित असं, की शेवटी सगळ्यांचा वाटा सारखा होतो. जेकबसन यांच्या धड्याचं हे रस्त्यावरचं भावंडच.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या एसएई संस्थेने जे मानक काढलं, त्यात हे विचार एकत्र आले. शंभर मीटरच्या आत २५ पर्यंत गाड्या असतील तर सेकंदाला दहा संदेश. त्यापुढे गाड्यांच्या प्रमाणात अंतर वाढवायचं. १५० झाल्या की दोन संदेशांत ६०० मिलिसेकंद. हवा फार भरली की आवाजही उतरवायचा. पण दोन सवलती ठेवल्या. जोरात ब्रेक लागला तर ताबडतोब बोलायचं. आणि दुसरी आम्हाला फार मोलाची वाटते. प्रत्येक गाडी मनाशी हिशेब करते, की माझ्या शेवटच्या संदेशावरून इतर गाड्या मला कुठे समजत असतील, आणि मी खरोखर कुठे आहे. ती तफावत वाढली, की पाळी नसतानाही बोलायची मुभा. म्हणजे बोलण्याचा हक्क कशावर ठरतो? तुमच्याबद्दल इतरांचा किती गैरसमज झालाय यावर. १९१२ च्या त्या रात्री हाच नियम नव्हता.

आता इतिहासाचा कडवट भाग. ॲन आर्बर शहरात २०१२ पासून सुमारे २,८०० वाहनांवर मोठी चाचणी झाली होती. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला. तो पुढे सरकलाच नाही आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. दरम्यान नोव्हेंबर २०२० मध्ये एफसीसीने ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ काढून वाय-फायला दिले. कारण सरळ होतं. वीस वर्षांत हा पट्टा बहुतांशी रिकामाच राहिला होता. उरलेल्या ३० मेगाहर्ट्झवर मोबाइलच्या कुळातलं तंत्र आलं. त्यात गाडी आधी ऐकून आपली वेळ पुढच्या काही फेऱ्यांसाठी राखून ठेवते. पण दोन गाड्यांनी नेमकी एकच वेळ राखली, तर दोघी एकाच क्षणी बोलतात आणि बराच वेळ एकमेकींना ऐकूच शकत नाहीत. कोंडीने नुसतं रूप बदललं. युरोपात तर कोणतं तंत्र घ्यायचं यावरच २०१९ मध्ये सदस्य देशांचं जमलं नाही.

गर्दीत कसं बोलावं हे अभियंत्यांनी वीस वर्षं खपून शोधलं, आणि तोवर गर्दी झालीच नाही म्हणून निम्म्याहून जास्त जागा गेली. जागा कमी झाली, म्हणजे आवरण्याची गरज आणखी वाढली.

आणि आपल्याकडे? २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. परदेशातल्या सूत्रात २५ गाड्यांनंतर आवर घालायला सुरुवात होते. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या चौकात लाल दिव्याला शंभर मीटरच्या आत किती वाहनं असतात, हे तुम्ही रोज बघता. दुचाक्या या संभाषणात घेतल्या, तर आपला चौक कायम १५० च्या घरात राहील. घेतल्या नाहीत, तर सर्वांत जास्त मरणारा माणूसच संभाषणाबाहेर राहील. तेव्हा हे तंत्र इथे येईल तेव्हा पेटीत भरून आलेला आकडा तसाच लावून भागणार नाही. हवेतला कोणाचा वाटा किती, थांबलेल्या मोटारीने कधी गप्प बसायचं आणि वेगात निघालेल्या स्कूटरला कधी बोलू द्यायचं, हे आपल्या रस्त्यांवर मोजून आपल्यालाच ठरवावं लागेल. तो आकडा ठरवताना फक्त मोटारी मोजल्या जातात की दुचाक्याही, यावर लक्ष ठेवा, एवढंच आमचं सांगणं.