रॅपगायकाचे सोंग

रॅपगीतातील 'मी' गायकाने स्वतः जगलेला असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. अमेरिकन गायक रिक रॉस याने कोकेनच्या व्यापाऱ्याचे सोंग घेतले होते. तो पूर्वी फ्लॉरिडात तुरुंगाचा पहारेकरी होता, हे २००८ साली उघड झाले. प्रथम त्याने ते नाकारले, मागाहून कबूल केले. लपवावीशी वाटली ती प्रामाणिक नोकरी, मिरवला तो गुन्हा! तथापि २००९ चा त्याचा गीतसंग्रह अमेरिकेत विक्रीत पहिला आला. त्याचे नावही मूळचे एका खऱ्या कोकेन-व्यापाऱ्याचे. त्या व्यापाऱ्याने न्यायालयात दाद मागितली. परंतु २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल गायकाच्या बाजूने दिला. उसन्या नावावर त्याने स्वतःची कला रचली आहे, असे न्यायालयाचे मत पडले. श्रोत्यांनी आधीच दिलेला निवाडा याहून फारसा निराळा नव्हता.