कोतवालाची वही आणि वयाचा पुरावा

श्रोतेहो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एखाद्या आजोबांना त्यांचे वय विचारून पाहा. आकडा क्वचितच मिळेल. ‘मोठा पूर आला तेव्हा मी गुरं राखत होतो,’ असे काहीसे उत्तर यायचे. गावाला ते पुरते, कारण गाव माणसाला ओळखते. सरकारला ते कधी पुरले नाही.

मध्यप्रांताच्या काळी आपला मुलूख चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली त्यातून १९८२ साली वेगळी झाली. त्या काळी गावात कोणाकडे मूल जन्मले की कोतवालाने ते वहीत लिहवून घ्यायचे आणि ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यावर कळवायचे, अशी रीत होती. त्याला स्वतःला लिहिता येत नसेल, तर लिहिणारा गाठायचा. हेच ते कोतवाल बुक. किती जन्मले, पटकी-देवीच्या साथीत किती दगावले, हे कळावे म्हणून ते होते. अमक्याचे वय सिद्ध करावे, हा त्याचा मूळ हेतू नव्हे.

पण वयाचे कायदे येऊ लागले. १८९१ साली संमतिवय १० वरून १२ वर आले. १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीला १४ आणि मुलाला १८ वर्षांची अट घातली. अट झाली खरी, पण वय ठरवायचे कशावरून? जन्माचा कागद हाती नसला की सगळा कारभार तोंडी. मग शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पुढे आले. तिथेही गुरुजी मुलाकडे पाहून अंदाज बांधत आणि १ जून किंवा १ जुलै ही तारीख ठोकून देत. या दोन तारखांना जन्मलेली माणसे प्रत्येक शाळेत भेटतील. गुरुजनहो, कदाचित तुम्हीही त्यांतलेच असाल!

आता खरा मुद्दा. कोतवाल बुकात नुसती जन्मतारीख नसे. बापाचे नाव असे, जातही असे. म्हणून आज लोक त्याची नक्कल काढतात ती वयासाठी थोडी, जातपडताळणीसाठी फार. वही लिहिली एका कामासाठी, लागली दुसऱ्याच. त्यात कित्येकांचे भले झाले, आणि एका चुकलेल्या अक्षरापायी कित्येकांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. मात्र ती वही एका जागी होती. पाहायची तर अर्ज करावा लागे.

आज वय विचारणारा आहे मोबाइल. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी. मुलांवर पाळत ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे, यालाही बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मनाई केली. हेतू चांगला, यात शंका नाही. पण मूल कोण हे ओळखायचे तर मोठ्यांनाही वय विचारावे लागते! आणि वयाच्या कागदावर नाव, पत्ता, छायाचित्र सगळेच असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. तेव्हा ‘१८ पूर्ण’ एवढेच कळावे, बाकी काही नको, असे म्हणायचा आपल्याला अधिकार आहे. नियमांत तशी वाटही आहे : कागदाऐवजी वयाची खूण सांगणारे डिजिटल टोकन.

आमच्या खेड्यांत मात्र निराळीच गंमत. घरात फोन एक, तो बापाचा, आणि चालवतो मुलगा. संमतीचा आकडा त्याच फोनवर येतो, मुलगाच तो भरतो, आणि वडील वावरात असतात. जी मुले असे करणार नाहीत, त्यांचे पालक फोन घेऊन शाळेत येतील, ‘गुरुजी, एवढं भरून द्या’ म्हणतील. त्या वेळी आधी विचारा बरं का, की समोरच्याला वय हवे आहे की अख्खे आधार कार्ड.