काडीमोड, कोर्ट आणि वकील

मनोरच्या नाक्यावर चार माणसांना विचारा, नवराबायको कायमची वेगळी झाली म्हणजे काय म्हणतात? एक म्हणेल काडीमोड झाली. दुसरा म्हणेल फारकत घेतली. तिसरा सोडचिठ्ठी म्हणेल, आणि शाळेतले मास्तर सांगतील घटस्फोट. शब्द चार, पण ते वेगवेगळ्या काळांतून आपल्याकडे आलेले आहेत. काडीमोड ही पंचांपुढची गोष्ट. जमलेल्या जातभाईंच्या देखत गवताची काडी मोडायची, की नाते तुटले. फारकत हा कचेरीतला फारसी शब्द. देणे फिटल्याचा जो कागद धनको ऋणकोला लिहून देई, त्यालाही फारकतच म्हणत. घटस्फोटाची कथा मात्र निराळी आहे. पतित माणसाला जातीबाहेर टाकताना पाण्याचा घट लवंडण्याचा विधी असे, तो घटस्फोट. म्हणजे मुळात हा शब्द लग्नाचा नव्हेच, बहिष्काराचा!

वाचकहो, या शब्दांमागे एक मोठा फेरबदल दडलेला आहे. लग्न मोडण्याचा, मूल कोणाकडे राहील हे ठरवण्याचा अधिकार पंचांच्या हातून निघून कोर्टाच्या हाती गेला. त्या वाटेत मध्यंतरी सत्तरऐंशी वर्षे अशी गेली की बाईला पंच तारीत नव्हते आणि कोर्टही तारीत नव्हते.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने मुंबई इलाख्यासाठी १८२७ साली कायदे केले. त्यांत एक शहाणपणाचे कलम होते. लिखित कायदा नसेल तेथे त्या मुलखाची वहिवाट पाहावी, आणि तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मनियम. जातीजातींच्या रूढी गोळा करण्याचे काम स्टील नावाच्या अधिकाऱ्याने केले; त्याचे पुस्तकही त्याच सुमारास निघाले. अनेक जातींत काडीमोड आणि पाट या गोष्टी रूढ होत्या, त्या तशाच चालू राहिल्या.

पुढे हायकोर्ट आले आणि त्याला या रूढी खटकू लागल्या. १८६४ साली गुजरातेतील तळपदा कोळ्यांचे एक प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापुढे आले. नवऱ्याच्या संमतीवाचून बाईने दुसरे घर करावे, ही रूढी कोर्टाने अनीतीची ठरवून फेटाळली. १८७६ साली आणखी एक निकाल झाला: लग्न रद्द झाल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांच्या मनमानीला आळा बसला, हे चांगलेच. पण पंचांचे दार लावताना कोर्टाने स्वतःचे दार उघडले का? हिंदूंसाठी नाही. तारापूरच्या पारशी बाईला १८६५ च्या कायद्याने कोर्टातून विवाहविच्छेद मिळत होता. वसईच्या ख्रिस्ती बाईसाठी १८६९ चा कायदा होता. त्यांच्या शेजारणीला मात्र काही नाही.

या कोंडीत सापडलेली सर्वांत प्रसिद्ध बाई म्हणजे मुंबईची रुखमाबाई. अकरा वर्षांची असताना तिचे लग्न दादाजी भिकाजी याच्याशी झाले. ती आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढली, शिकली आणि नांदायला जाण्यास तिने नकार दिला. १८८४ साली दादाजीने फिर्याद लावली. रुखमाबाईच्या बाजूने लॅथम, इन्व्हरारिटी आणि आपले काशीनाथ त्र्यंबक तेलंग असे नामांकित कायदेपंडित उभे राहिले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजीचा दावा फेटाळला. बायकोला जबरीने नांदायला लावण्याची फिर्याद हिंदू धर्मशास्त्रातली नव्हे, ती विलायती कायद्यातून आणलेली आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. गंमत अशी की अशा हुकुमासाठी माणसाला तुरुंगात घालणे विलायतेने १८८४ सालीच बंद केले होते! पण दादाजीने अपील केले आणि १८८६ साली तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. रुखमाबाईने कैद पत्करीन असे सांगितले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि सुरत व राजकोट येथे तिने वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली.

लोक येथे रुखमाबाईच्या धैर्याबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मला वाटते, तिला माहेरचा भक्कम आधार आणि पहिल्या दर्जाचे वकील नसते, तर ते धैर्य कैदखान्यातच संपले असते. तिच्यासारखा नकार मनात धरणाऱ्या खेड्यापाड्यांतील बायकांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. कारण त्यांच्यासाठी उभे राहणारे कोणी नव्हते. नांदायला न गेल्याबद्दल कैद करण्याची तरतूद आपल्याकडे १९२३ साली गेली.

घटस्फोटाच्या बाबतीत बडोद्याचे सयाजीराव पुढे होते. त्यांनी १९३१ साली आपल्या राज्यात हिंदूंना ही सोय दिली. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली, १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला आणि १९५५ साली सबंध देशाला हिंदू विवाह कायदा मिळाला. परस्परसंमतीने वेगळे होण्याची मुभा १९७६ च्या दुरुस्तीने आली.

आता मनोर भागाकडे येऊ. येथे वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांची वस्ती मोठी. वारल्यांचे लग्न लावते धवलेरी. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराचे कर्ज काढून त्याच्याकडे वेठीला राहणारा गडी, त्याला लग्नगडी म्हणत. या गुलामगिरीविरुद्ध १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागात जो उठाव झाला, त्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर या कायद्याच्याच पदवीधर होत्या. पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच होतो. तेथे त्या जमातीची रूढी चालते. इतर हिंदूंच्या बाबतीतही, रूढीने होणारी काडीमोड त्या कायद्याने राखून ठेवली आहे. मात्र रूढी आहे हे सिद्ध करावे लागते: ती जुनी आहे, निश्चित आहे, अखंड चालत आली आहे. नुसता मुद्रांकाच्या कागदावर फारकतनामा लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घटस्फोट झाला, अशी समजूत आजही फार आहे. तशी रूढी सिद्ध झाली नाही तर अशा कागदाने लग्न मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेल्या बाईचे आणि तिच्या मुलांचे पुढे वारसाहक्कात काय हाल होतात, ते शिक्षक मंडळींनी पालकांना जरूर सांगावे.

मुलांच्या ताब्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून बालकाचे हित ही कसोटी आहे. १९४१ च्या निकालसंग्रहात मुंबई हायकोर्टाचा एक निकाल आहे. त्यात बापाच्या किंवा आईच्या सुखापेक्षा लेकराचे हित वरचढ मानून मूल आईकडे दिले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे, असे १९५६ चा हिंदू कायदाही सांगतो.

दत्तकाचे मात्र नीट ऐका. मुंबई इलाख्यात नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला मान होता. त्यामुळे नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसली तरी येथील विधवेला दत्तक घेता येई. बंगालात ते जमत नसे. दत्तक बहुतेक भाऊबंदांतलाच आणि मुलगाच. मुलगी दत्तक घेण्याची वाट १९५६ च्या कायद्याने मोकळी झाली. त्या कायद्यात होमापेक्षा प्रत्यक्ष देणेघेणे महत्त्वाचे, आणि नोंदणी झालेला दत्तकपत्राचा दस्त असला तर कोर्ट दत्तक खरा धरून चालते. पण हाही कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. मग आईबाप गेलेल्या पुतण्याला किंवा भाचीला वारली काकाने, मामाने कायदेशीर आपले कसे करावे? त्यासाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्यात काका, आत्या, मामा, मावशी, आजीआजोबा अशा नातलगांनी, धर्म कोणताही असो, मूल दत्तक घेण्याची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा हुकूम देण्याचा अधिकार कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांना दिला.

एवढे कायदे, एवढे अपवाद. म्हणून वकील हवा, आणि तो शक्यतो जवळचा हवा. मुंबईचा मोठा वकील कायदा जास्त जाणत असेल, पण येथील रूढी कोणती, ती सांगणारा म्हातारा कोणत्या पाड्यावर राहतो, हे पालघरच्या वकिलाला ठाऊक असण्याचा संभव अधिक. शिवाय २००३ पासून बायको जेथे राहते तेथील कोर्टातही ती हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करू शकते. सासर दूरचे असले तरी तिला तिकडे धावावे लागत नाही. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, फीची पावती मागावी. निकाल लागला तर अमुक वाटा, असा करार करणे वकिलाला मना आहे. कोणी तसे बोलू लागला तर सावध व्हावे.

आणि पैसे नसले तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाई, बालक आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांच्या उत्पन्नाची अट त्यात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती कोठे बसते ते विचारावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलेही अर्ज म्हणून धरतात.