लाल कपड्याचा माणूस

अमरावती-अकोला महामार्गावर ३ जून २०२२ ला सकाळी डांबर पडायला लागलं. ७ जूनला, १०५ तास ३३ मिनिटांत, ७५ किलोमीटरचा एकपदरी पट्टा तयार! गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. विदर्भातल्या शाळांना तेव्हा सुट्टी होती. शाळा उघडल्या आणि आमची पोरं त्याच गुळगुळीत रस्त्याच्या कडेला येऊन थांबली.

मी या महामार्गालगतच्या उर्दू शाळेत मराठी शिकवतो. शाळा सुटली की आमचे शिपाई, पोरांचे चाचा, काठीला लाल दुपट्टा बांधून ट्रकसमोर उभे राहतात.

हे काम जुनं आहे. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे लाल झेंडा घेऊन माणूस चालवला. गावात वेग ताशी २ मैल. पुढे वेग वाढला, तो माणूस गेला. १९५३ मध्ये तिथल्याच कायद्याने त्याला शाळेपुढे उभं केलं. त्याने पाटी दाखवली की गाडी थांबलीच पाहिजे. आपल्याकडे आरएसपीची मुलं शिट्ट्या घेऊन उभी राहिली. २०११ च्या महाराष्ट्राच्या नियमांनी स्कूलबसचा बंदोबस्त केला, शाळेला परिवहन समिती दिली. आमची पोरं मात्र पायी येतात.

चाचांना मी १८६५ ची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला तनखा कोण द्यायचं, सर?"

"गाडीवाला," मी म्हणालो.

चाचा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.