ज्याचे नाव गाळले, त्याच्या नावाने

बाफ्टाच्या पदार्पण-पुरस्काराला पूर्वी कार्ल फोरमन यांचे नाव होते. ‘हाय नून’ लिहिणाऱ्या या अमेरिकन पटकथाकाराने १९५१ च्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत इतरांची नावे सांगायला नकार दिला. हॉलिवूडने त्यांना काळ्या यादीत टाकले, ते इंग्लंडला आले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेला ऑस्कर मिळाले, पण श्रेय मूळ कादंबरीकार पिएर बूल यांना गेले. ऑस्कर अकादमीने ही चूक सुधारली तेव्हा फोरमन आणि सहलेखक मायकेल विल्सन दोघेही हयात नव्हते.

२००३ मध्ये हा पुरस्कार लंडनमध्ये जन्मलेल्या आसिफ कपाडिया यांना ‘द वॉरियर’साठी मिळाला. चित्रपट हिंदीत, चित्रीकरण राजस्थान आणि हिमालयात, नायक इरफान खान. बाफ्टाने त्यालाच त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटही ठरवले. ऑस्करच्या परभाषिक विभागात मात्र ब्रिटनतर्फे आलेला हा चित्रपट नाकारला गेला. कारण, हिंदी ही ब्रिटनची भाषा नव्हे!

पुढे पुरस्काराच्या शीर्षकातून फोरमन यांचे नावही गेले. पदार्पणाचा पुरस्कार म्हणजे नवख्याला ‘हा आमचा’ म्हणणे. फोरमन यांच्याबाबतीत हॉलिवूडला ते वेळेवर म्हणता आले नाही. कपाडियांच्या बाबतीत बाफ्टाला आले.