मुदतीचा ताप

बदलापूर-अंबरनाथकडच्या आज्या टायफॉइडला अजून ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. मुदत ठेवीतलीच ही मुदत. शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. ताप पायरीपायरीने चढायचा आणि तिसरा आठवडा सरता सरता उतरायचा. २१ दिवस पेज, पथ्य आणि वाट पाहणं. नावातच निदान होतं, फक्त ते पक्कं व्हायचं ताप गेल्यावर, नाहीतर माणूस गेल्यावर. पुस्तकी ‘विषमज्वरा’पेक्षा मला हे नाव नेमकं वाटतं. आयुर्वेदातला विषमज्वर मध्येच सोडून पुन्हा येतो, म्हणजे तो हिवतापाचा सोयरा. टायफॉइड तर सोडतच नाही.

हे वाट पाहणं संपवायला विडाल आली. रोग्याच्या रक्तद्रवात टायफॉइडचे जिवाणू गोळा होतात, यावरून फर्नां विदाल यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये ही तपासणी बसवली. उल्हासनगरात तीन नंबर किंवा चार नंबर कॅम्पात कुठल्याही लॅबमध्ये डोकावा: गोल आखलेली पट्टी, प्रत्येक गोलात सीरमचा थेंब, त्यावर निळ्या नाहीतर गुलाबी रंगाचं अँटिजेन. पट्टी मिनिटभर हलवायची. प्रतिपिंडं असली की थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो. कागदावर ‘ओ १:८०, एच १:१६०’ असं काहीतरी उमटतं आणि घरी फोन जातो, “टायफॉइड निघाला.”

पण विडालही मुदत मागते. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा जातो, आणि आपल्याकडे जुन्या संसर्गाची थोडीफार अनेकांच्या रक्तात आधीच असतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्त घेऊन आकडा चौपट झाला का, ते पाहायचं असतं. दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यायला कोण येतो? तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेली एक ‘पॉझिटिव्ह’ विडाल माझ्याही फायलीत आहे. तो ताप शेवटी डेंगीचा निघाला. खात्रीचं म्हणजे ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. त्यालाही काही दिवस लागतात.

मुदत खरी तोडली औषधाने. तेव्हा कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. त्या छावणीला ‘उल्हासनगर’ हे नाव पडायचं होतं १९४९ साली. त्याच्या आदल्या वर्षी, १९४८मध्ये, क्वालालंपूरला अमेरिकी डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल स्क्रब टायफसवर आजमावत होते. त्यांच्या रोग्यांत टायफॉइडवालेही निघाले, आणि तेही बरे झाले. २१ दिवसांचा ताप तीन-चार दिवसांत उतरू लागला.

पुढे जिवाणू हे औषध पचवायला शिकला, मग त्यानंतरचीही. २०१६पासून सिंधमधल्या हैदराबादेत असा टायफॉइड पसरला, की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शनही चालेना. उल्हासनगरातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव ते. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत उरली अझिथ्रोमायसिन. ती निदान सात दिवस घ्यायची, ताप आधी उतरला तरी.