कोरियातली तीनशे हृदयं

आजची गोष्ट कोरियाच्या युद्धातली आहे, पण तिच्यात तोफा नाहीत, शवागार आहे.

जून १९५० मध्ये हे युद्ध पेटलं. भारताने तिथे लढाऊ पलटण पाठवली नाही. पाठवली ती ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. त्यांच्यावर एक वेगळा भागच करायला हवा. आज बोलायचं आहे ते अमेरिकन फौजेतल्या तीन डॉक्टरांबद्दल: एनॉस, होम्स आणि बेयर. लढाईत मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं त्यांनी उघडून पाहिली. बहुतेक पोरं विशीतली, सरासरी वय २२ च्या आसपास. हृदयाचा आजार असल्याची नोंद कोणाचीच नव्हती. तरीही ७७ टक्के हृदयांच्या रक्तवाहिन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा बिघाड सापडला. काहींत भिंत थोडी जाड झालेली, तर काहींत एखादी मुख्य शाखा पूर्ण बंद!

हा लेख १८ जुलै १९५३ ला छापून आला आणि नऊ दिवसांनी युद्धबंदी झाली. तोवर बहुतेकांची समजूत अशी, की हृदयविकार हा पन्नाशीनंतरचा, खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार.

आता हे होतं कसं ते पाहू. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू. दिवसाला साधारण एक लाख ठोके, मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त. सगळ्या शरीराला रसद पोचवणारं हे खातं. पण आतून वाहणाऱ्या रक्तावर त्याच्या जाड भिंतीचं पोट भरत नाही. त्याचा स्वतःचा शिधा बाहेरच्या अंगाने येणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्यांतून येतो. गंमत अशी, की डाव्या बाजूचा स्नायू आवळला की त्याच्यातल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. म्हणून तिथला बहुतेक पुरवठा दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात होतो. नाडी फार वेगाने पळू लागली की हा विसावाच आखूड होतो.

या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात चरबी साठत जाते. वाट निम्म्याहून जास्त अरुंद झाली तरी माणूस दौडतो, डोंगर चढतो, त्याला काही कळत नाही. मग एक दिवस तो थर फुटतो, वर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा स्नायू उपाशी मरू लागतो. हाच हार्ट अटॅक. आमच्या फौजेत वैद्यकीय तपासणीत ‘शेप-वन’ मिळालं की माणूस छाती काढून चालतो. चालावंच. पण कोरियातली ती पोरंही तपासणी होऊनच भरती झाली होती.

हे साठतं कशाने, याचा शोध १९४८ पासून फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावात चालू होता. ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी झाली आणि वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह अशी एकेक नावं पुढे आली. विरोधाभास बघा. त्याच काळात अमेरिकन सरकार सैनिकांच्या शिध्याच्या डब्यात सिगारेटी घालून देत होतं! ते बंद झालं १९७५ मध्ये.

व्हिएतनाममध्ये पडलेल्या १०५ सैनिकांची तपासणी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली: ४५ टक्के. इराक आणि अफगाणिस्तानात गेलेल्या ३,८३२ जणांची २०१२ मध्ये: फक्त ८.५ टक्के. तपासण्याच्या पद्धती सारख्या नव्हत्या, त्यामुळे हे आकडे एका ओळीत मांडताना जपून. तरी एवढी मोठी घसरण केवळ पद्धतीने झाली असेल असं मला वाटत नाही. मधल्या काळात त्या देशात सिगारेट खूप कमी झाली होती आणि रक्तदाबावर औषधं आली होती.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट पाहणीत पहिल्या अटॅकचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. म्हणजे इंदूर असो, बेळगाव असो की बडोदा, घरातल्या पंचविशीच्या मुलाचा रक्तदाब मोजायला त्याची पन्नाशी उजाडायची वाट पाहू नका. पट्टा दंडाला बांधायचा, पाच मिनिटं आधी शांत बसायचं, आणि त्याआधी अर्धा तास चहा-सिगारेट नाही. पुढच्या भागात रंगराज आणि त्यांचं पथक.